सरपंच त्यांचा, मत सगळ्यांचं

वाणगावात मी सरपंच होऊ शकत नाही. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो आणि १९९६ च्या पेसा कायद्याने इथली सगळी सरपंचपदं आदिवासींसाठी राखीव आहेत. आमच्यातले काहीजण यावर कुरकुरतात. मी त्यांना १९०९ सालची आठवण देतो. मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. उमेदवार मुसलमान, त्याला मत देणारेही मुसलमानच. जागा पक्की झाली, पण त्या उमेदवाराला हिंदू आळीत पाऊल टाकायचं कारणच उरलं नाही. पुढे संविधान सभेत बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागांनाही विरोध केला, तो उगाच नव्हे.

१९३२ च्या पुणे करारात दलितांसाठी वेगळी वाट निघाली: जागा राखीव, मतदार सगळे. गांधीजींच्या उपोषणाच्या दबावाखाली डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. सगळ्यांच्या मतांवर निवडून आलेला माणूस शेवटी कुणाचं ऐकेल, ही त्यांची शंका मात्र राहिलीच.

आमच्याकडेही तीच वाट आहे. वारली उमेदवाराला माझ्या दारी मत मागायला यावं लागतं, हे मला आवडतं. पण त्याच्या प्रचाराचा खर्च एखाद्या बिगरआदिवासी ठेकेदाराने उचलला तर? कुरकुरणाऱ्यांनी हा प्रश्न मला अजून एकदाही विचारलेला नाही.