हगवण न झालेला सैनिक

आज चंडीगढहून बोलतोय. विषय आहे मुलांच्या आतड्यांचा दाह आणि त्यावर जिवाणूंचा इलाज. पण गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात.

छावणीत हगवण शिरली की पलटण आडवी होते, हे फौजी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १९१७ साली जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांना असा एक सैनिक सापडला, ज्याचे सोबती आजारी पडले, पण तो ठणठणीत राहिला. त्याच्या विष्ठेतून निस्लेंनी ई. कोलाय जिवाणूचा निरुपद्रवी वाण वेगळा काढला. पुढे अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या चिवट दाहावर, तो वाण औषध म्हणून तपासला गेला.

१९५८ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला बेन आयझमन यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. आतड्याच्या जीवघेण्या दाहाच्या चार रुग्णांना त्यांनी निरोगी माणसाच्या विष्ठेचा एनिमा दिला. चौघेही बरे झाले.

ही वाट आपल्या शेजारी लुधियानापर्यंत आली. तिथल्या दयानंद मेडिकल कॉलेजने २०१९ मध्ये कोलायटिस आटोक्यात असलेल्या ६१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. ४८ आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा खरा उपचार घेतलेल्या ३१ पैकी १८ जणांचं आतडं शांत होतं. नुसतं दाखवण्यापुरता उपचार मिळालेल्या ३० पैकी ८ जणांचं. मात्र लक्षणं परत येण्यातला फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. आणि हे सगळे रुग्ण प्रौढ होते.

मुलांसाठी हा उपचार अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. त्याच २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला: दात्याच्या विष्ठेतले औषधांना न जुमानणारे जिवाणू दोन रुग्णांच्या अंगात शिरले, त्यांतला एक दगावला. म्हणून घरगुती प्रयोग अजिबात नको.

मुलांच्या क्रोन्स आजारात मात्र एक सिद्ध उपाय आहे: डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा ते आठ आठवडे फक्त पोषक द्रवाहार, पोळी-भात बंद. आतडं भरून येतं, स्टेरॉइड टळतं, वाढ खुंटत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसला तो लागू पडत नाही, म्हणून आधी निदान पक्कं हवं.

मुलाच्या शौचात रक्त दिसतंय, वजन घटतंय, उंची अडलीय? मग जाहिरातीतल्या कॅप्सूलवर महिने घालवू नका. चंडीगढच्या पीजीआयसारख्या संस्थेत बालरोग पोटविकार विभाग असतो. तिथे जा.