भूकंपाच्या वर्षाची दहावी

शाळेच्या जुन्या वार्षिक अहवालात १९९३-९४ च्या भूकंपाबद्दल एकच ओळ आहे: शाळा काही दिवस बंद राहिली आणि सहामाही परीक्षा पुढे ढकलली. त्या ओळीमागे काय घडले, हे तेव्हाच्या दहावीतल्या कोणीतरी लिहून ठेवावे म्हणून हा लेख.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लातूर नुकतेच झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. शहरात भिंतींना तडे गेले, पण चाळीसेक किलोमीटरवरच्या किल्लारीत घरेच उरली नाहीत. आपल्याकडची खेड्यातली घरे म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर लाकडांवर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. औसा आणि उमरगा तालुक्यांच्या पट्ट्यातली ५२ गावे उद्ध्वस्त झाली, सात हजारांहून अधिक माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे, असे आपण भूगोलात शिकलो होतो. पण १९९२ पासूनच तिकडे लहान-मोठे धक्के बसत होते आणि त्या गावांतल्या मुलींनी ते आपल्याला वर्गात सांगितलेही होते.

आपल्या वर्गात त्या भागातल्या सात जणी होत्या. त्या रात्री वसतिगृहात होत्या म्हणून वाचल्या. पाच जणींच्या घरची माणसे गेली.

शाळा पुन्हा भरली तेव्हा समुपदेशन हा शब्द आपल्याला माहीत नव्हता. वर्गशिक्षिका बाईंनी भाषण केले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "कोणी काही विचारायचं नाही. तिनं सांगितलं तर ऐकायचं." पुढचे सगळे मुलींनी ठरवले. गावाकडे अडकलेल्या मैत्रिणींसाठी विषय वाटून घेतले. एक जण बीजगणित, एक भूमिती, एक इतिहास. वहीत कार्बन पेपर घालून रोजच्या रोज दुसरी प्रत निघू लागली. मागच्या बाकावरच्या, कधी वेळेवर वही पूर्ण न करणाऱ्या मुलींनीसुद्धा ते काम चार महिने केले.

नंतरही कित्येक दिवस धक्के बसत राहिले. बाक ओढल्याचा आवाज झाला तरी काही जणी दाराकडे धावत. मग वर्गात नियम झाला: बाक ओढायचा नाही, दोघींनी उचलून ठेवायचा. वसतिगृहातल्या मुली छताखाली झोपायला तयार नव्हत्या. शनिवारी-रविवारी शहरातल्या मैत्रिणी त्यांना घरी नेत आणि अंगणात सगळ्यांबरोबर अंथरूण टाकत. तेव्हा शहरातही अनेक घरे बाहेरच झोपत होती, त्यामुळे त्यात कोणाला उपकार वाटला नाही.

सगळ्यात अवघड गेला तो बोर्डाच्या फॉर्मचा दिवस. 'पालकाची सही' या रकान्यापाशी एक मैत्रीण पेन धरून नुसती बसून राहिली. शेजारणीने फॉर्म हातात घेतला, तिला उठवले आणि दोघी मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाईंनी सही केली. त्यानंतर आणखी दोघी तशाच गेल्या, आणि प्रत्येकीबरोबर एक जण होती. परीक्षा फी स्नेहसंमेलनासाठी जमवलेल्या वर्गणीतून भरायची, हे वर्गाने हात वर करून ठरवले.

मार्च १९९४ मध्ये सातपैकी चार जणी परीक्षेला बसल्या आणि चौघीही पास झाल्या. उरलेल्या तिघींचे तसे झाले नाही. एकीला मामा सोलापूरला घेऊन गेले. एक जण पत्र्याच्या शेडमध्ये धाकट्या भावंडांना सांभाळायला राहिली. तिसरीचे लग्न झाले. त्यांच्या वह्यांच्या प्रती तयार होत्या, पण त्या घ्यायला त्या आल्या नाहीत. मैत्रिणींची साथ कुठवर पुरते, हे त्या वर्षाने आपल्याला दाखवले. वर्गात होती तिला ती पुरली. शाळाच सुटली तिच्यापर्यंत मात्र ती पोहोचली नाही.

सध्या आपल्या बॅचची यादी संगणकावर करण्याचे काम माझ्याकडे आहे. बोर्डाच्या निकालावरून ती केली तर ५८ नावे येतात, जूनच्या हजेरीपटावरून केली तर ६१. मी हजेरीपट धरला आहे. तिघींपैकी एकीचा पत्ता लागला आहे. बाकी दोघींबद्दल कोणाही मैत्रिणीला किंवा बाईंना काही माहिती असेल, तर मेळाव्याआधी समितीला जरूर कळवावी. आमंत्रण त्यांनाही गेले पाहिजे.