कराची ते जुहू : सव्वासात तास

माझ्या आईचा जन्म कराचीतला. १९४७ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ती बोटीने मुंबईला आली ती कायमचीच. त्यामुळे आमच्या घरात कराची हे परक्या देशातलं गाव कधी वाटलंच नाही. एकेकाळी ते तसं नव्हतंही. १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता.

मंडळी, आज सांगायची गोष्ट त्या काळातली आहे. इंग्लंडचं टपाल १९२९पासून विमानाने कराचीपर्यंत येऊ लागलं होतं. पुढे मुंबई-मद्रासकडे मात्र ते रेल्वेने रखडत जायचं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून उडाले. विमान ‘पस मॉथ’, एका इंजिनाचं. वेग ताशी जेमतेम १६० किलोमीटर, जवळ रेडिओ नाही, आणि सोबत टपाल सुमारे २५ किलो. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते चक्क बैलगाडीतून! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या मातीवर टेकलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेलं.

सव्वासात तास. कराची-मुंबई सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर; अहमदाबादचा वळसा धरला तर १०३५. जेट विमानाला हे अंतर दीड-पावणेदोन तासांचं. म्हणजे प्रवास सोपा होत जायला हवा होता. तसा तो झाला नाही. १९७१नंतर दोन्ही देशांमधली विमानं बंद पडली ती १९७६ साली सुरू झाली. २००२ आणि २००३ ही दोन वर्षं पुन्हा बंद.

मधल्या एका बऱ्या काळात, १९८२च्या १५ ऑक्टोबरला, ७८ वर्षांचे जे. आर. डी. छोटं ‘लेपर्ड मॉथ’ घेऊन पुन्हा कराचीहून मुंबईला आले. पन्नास वर्षांपूर्वीचाच प्रवास. मला त्यांच्या धाडसाइतकंच आश्चर्य वाटतं ते दोन्हीकडून मिळालेल्या परवानगीचं.

एप्रिल २०२५मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. आज कराचीहून मुंबईला यायचं तर बहुधा दुबईमार्गे. कराची-दुबई सुमारे ११९० किलोमीटर, दुबई-मुंबई १९३०. हवेतच पाच तास, शिवाय विमान बदलताना खोळंबा. तो जरा लांबला की ‘पस मॉथ’ आधी पोचलं असतं!

आई आता नव्वदीपार आहे. एका रात्री तिच्यासमोर नकाशा पसरून मी हा मार्ग बोटाने दाखवला. चष्मा पुसून तिने तो नीट पाहिला.

‘‘अरे, पण दुबई तर उलट्या बाजूला आहे,’’ ती म्हणाली.