जुन्या घराभोवतीचे नवे घर

जुने घर वाढवायचे म्हणजे त्याचे जुनेपण झाकायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. अमेरिकेतील सांता मोनिका येथे १९७७–७८ साली वास्तुशिल्पी फ्रँक गेरी यांनी ती उलटी केली. सुमारे १९२० मध्ये डच वसाहतकालीन शैलीत बांधलेले, कोपऱ्यावरचे दुमजली गुलाबी घर त्यांनी राहण्यासाठी घेतले. ते पाडले नाही. तीन बाजूंनी त्याला नवे कवच घातले. आणि कवच तरी कशाचे? नालीदार पत्रा, प्लायवूड आणि कुंपणाची जाळी! आपल्याकडे पत्रा चढतो तो गोठ्यावर वा पडवीवर. गेरींनी तो दर्शनी भागी मिरवला.

मूळ भिंत आणि कवच यांमधल्या पट्ट्यात स्वयंपाकघर आले. त्याची जमीन डांबरी. वर काचेचा तिरका घन, छपरातून निसटताना जणू अडकलेला. स्वयंपाक करताना समोर दिसते ती जुन्या घराची एके काळची बाहेरची भिंत. आत काही ठिकाणी गिलावा काढून लाकडी सांगाडा उघडा ठेवला.

शेजारी संतापले. त्यांचा राग मला अगदीच अनाठायी वाटत नाही. ती जाळी रोज त्यांनाच पाहायची होती. पुढे १९८९ मध्ये गेरींना प्रित्झकर पारितोषिक लाभले, तर २०१२ मध्ये या घराला अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेचा, काळाच्या कसोटीला उतरलेल्या वास्तूंसाठीचा पुरस्कार. दरम्यान मुले मोठी झाली, तेव्हा गेरींनी घर पुन्हा बदलले. त्याचा ओबडधोबडपणा ओसरला म्हणून या वेळी हळहळले ते रसिक.