पत्रातील दैनंदिन आणि अधिकाराचा प्रश्न : आनंदीबाई जोशी यांचा पत्रव्यवहार

मराठी समीक्षेने पत्रवाङ्मयाकडे मुख्यतः चरित्राचे साधन म्हणून पाहिले. परिणामी पत्रांतील मते आणि संकल्प उद्धृत होतात. जेवण, कपडे, हवा, प्रकृती यांचे तपशील मात्र ‘घरगुती’ म्हणून बाजूला पडतात. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांनी अमेरिकेतून पती गोपाळराव यांना लिहिलेली पत्रे या विभागणीचा फेरविचार करावयास लावतात.

७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबात काही काळ राहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. पत्नीच्या शिक्षणाचा आरंभ त्यांनीच केला होता. पती आणि गुरू असा त्यांचा दुहेरी अधिकार होता. हा अधिकार आता केवळ पत्रातूनच गाजवता येत होता. पत्र पोहोचण्यास कित्येक आठवडे लागत. उत्तर हाती पडेपर्यंत मूळ प्रसंग मागे पडलेला असे. या अंतराने आज्ञेची धार बोथट केली आणि निवेदनाला अवकाश दिला.

प्रयाणापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या महाविद्यालयातील भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी जाहीर ग्वाही दिली होती. प्रतिज्ञा सार्वजनिक होती, तिचा पुरावा मात्र दैनंदिनच असू शकत होता. म्हणूनच शाकाहार कसा सांभाळला, थंडीत पाय झाकण्यासाठी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने लुगडे का नेसावे लागले, हे पतीला कळवणे म्हणजे केवळ खुशाली कळवणे नव्हे. ती एक प्रकारची साक्ष होती. परंतु साक्ष देणारी व्यक्ती हळूहळू निर्णय घेणारीही होते. तिथली थंडी गोपाळरावांनी तेव्हा अनुभवलेली नव्हती. तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आनंदीबाईंचाच होता. शिष्येला गुरूपेक्षा अधिक ठाऊक असलेले पहिले क्षेत्र वैद्यकशास्त्र नव्हे, तर रोजचे जगणे होते.

या क्षेत्रात मिळालेला आत्मविश्वास अन्यत्रही पोहोचतो. गोपाळरावांच्या संशयाला आणि कठोर शब्दांना उत्तर देताना आनंदीबाई बालपणी त्यांच्याकडून सोसलेल्या मारहाणीचा स्पष्ट उल्लेख करतात. समोरासमोर जे उच्चारणे तत्कालीन पत्नीला जवळपास अशक्य होते, ते पत्राच्या संहितेत शक्य झाले. आदर आणि आरोप तेथे एकत्र नांदतात.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर कॅरोलिन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टनहून आणि काशीबाई कानिटकर यांचे मराठी चरित्र १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरातील विरोध सोसत वाचायला शिकलेल्या काशीबाईंनी आपल्या चरित्रात या पत्रांना मोठे स्थान दिले, हे लक्षणीय आहे. पुढील काळात मात्र ‘पहिली स्त्री डॉक्टर’ ही प्रतिमा ठळक होत गेली आणि पत्रांतील तपशील तिच्या आड गेले.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, क्षयाने आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांना वैद्यकीय व्यवसाय करता आला नाही. त्यांच्या कर्तृत्वाचा लेखी भाग म्हणून जे उरले, त्यात या पत्रांचे स्थान मोठे आहे. त्यांतील ‘घरगुती’ मजकूर वगळला, तर त्यांची स्वतंत्र कर्ती म्हणून झालेली घडणच वाचनातून निसटते.