मालदांडीच्या मुलखात मिलो

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. भीमेच्या बाजूची खोल काळी जमीन, पावसाळा सरता सरता होणारी पेरणी, आणि मग जमिनीत मुरलेल्या ओलीवर, थंडीवर वाढणारी मालदांडी. तिचा दाणा मोत्यासारखा, भाकरी पांढरीशुभ्र आणि चवीला गोडसर. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून ‘एम ३५-१’ हे वाण निवडलं गेलं आणि ते दख्खनच्या रब्बी पट्ट्यात सगळीकडे पसरलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी याच तालुक्यातली, आणि लहानपणी सगळ्यात नकोसं वाटलेलं अन्नही मी इथेच खाल्लं. तीही ज्वारीच होती, पण अमेरिकेची. तिला सगळे मिलो म्हणायचे.

१९७२चा दुष्काळ अचानक आला नव्हता. आधीची दोन वर्षंही ओढीचीच गेली होती. बहात्तरला पावसाने पाठ फिरवली आणि रब्बीची पेरणीच झाली नाही. जुनी माणसं म्हणतात, तेव्हा प्यायला पाणी होतं पण खायला दाणा नव्हता. आमच्या गावापुरतं ते खरं होतं. विहिरी खोल गेल्या तरी पोहऱ्याला पाणी लागायचं. घरातलं पेव मात्र रिकामं झालं होतं. आई आणि अण्णा खडी फोडायला जायचे. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, सगळं हातांनी झालं. या कामांतूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिच्यासाठी किती खटपट केली ते महाराष्ट्राने विसरू नये.

कामाचा पगार झाला की रेशनच्या दुकानासमोर रांग लागायची, आणि तिथे मिलो मिळायची. अमेरिकेच्या कॅन्सस-टेक्सासच्या मैदानांत ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवत. यंत्राने कापता यावी म्हणून तिकडच्या लोकांनी तिची ताटं बुटकी करून घेतली होती. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली सवलतीत गहू १९५६ पासूनच येत होता, पुढे १९६५-६६च्या टंचाईत मिलोही आली. १९७१ अखेर ती सवलतीची आयात थांबली, तरी बहात्तरच्या दुष्काळात सरकारला बाहेरून धान्य विकत आणावंच लागलं. गाजरगवत या मिलोबरोबर आलं, असं आमच्याकडे अजून ठासून सांगतात. ते बरोबर नाही. पुण्यात त्या गवताची नोंद १९५०च्या दशकातच झाली होती. मिलोवर एवढा राग होता की रानातलं हे पापही तिच्याच नावावर गेलं.

तिची भाकरी करणं ही आईची रोजची परीक्षा होती. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते धरून राहतं ते विरीवर. धान्य जुनं झालं की विरी जाते, आणि मिलो जहाजात, गोदामात, पोत्यांत किती काळ पडून आमच्यापर्यंत यायची कोण जाणे. आई परातीत पीठ घेऊन वर उकळतं आधण ओतायची, उलथन्याने ढवळायची आणि झाकून ठेवायची. मग तळव्याने रगडून रगडून गोळा करायची. थापायला घेतला की कडेने चिरा पडायच्या. बोटं ओली करून ती चिरा लिंपायची, पुन्हा थापायची. परातीतून तव्यावर जाताना भाकरी मधोमध मोडायची ती मोडायचीच. वरून पाणी फिरवलं तरी पापुद्रा सुटत नसे. भाकरी उतरायची ती विटकरी रंगाची आणि जड, आणि गार झाली की तुकडा मोडायला दोन हात लागायचे. तिला पोत्याचा, कोंदट वास यायचा. घास चावला की जिभेवर कडवटपणा राहायचा, गोडी म्हणून नावाला नाही.

कोरड्यास म्हणून असायचं हुलग्याचं माडगं, नाहीतर नुसता खर्डा. धाकटा भाऊ घास तोंडात धरून बसायचा. आजी म्हणायची, “गिळ मुकाट. पोटात गेल्यावर कुणी रंग बघत नाही.” ती कठोर नव्हती. तिने त्याआधीच्या दुष्काळांत बरबड्याच्या बियांची भाकरी खाल्लेली होती, आणि मिलो त्याहून बरी हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीच आजी रात्री दामाजीची गोष्ट सांगायची. पंधराव्या शतकात याच मंगळवेढ्यात बहामनी सुलतानाचं सरकारी कोठार दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी उघडलं, आणि त्याची रक्कम विठू महाराच्या रूपाने खुद्द विठोबाने भरली. भाऊ विचारायचा, दामाजीच्या कोठारात लाल ज्वारी होती का? आजी म्हणायची, नाही रे, आपलीच होती.

कामावर दुपारी सुकडी मिळायची, ती मात्र पोरं धावत जाऊन आणायची. गोड, कोरडी, मूठभर. आई आपल्या वाटची पदराच्या गाठीत बांधून आणायची. तेव्हा पोरांची भूकही खरी होती आणि चवीची पारखही खरी. मिलोला पोरं नाक मुरडत होती तो हट्ट नव्हता. ज्वारीच्या काही लाल जातींत टॅनिन असतं, त्याने तोंड तुरट होतं. सगळ्याच लाल ज्वारीत ते नसतं, आमच्या ताटातल्या मिलोत होतं की नाही ते कुणी तपासलं नाही. पण दाणा जुना असला की त्यातला स्निग्धांश खवट होतो, आणि तो खवटपणा लहान मुलाच्या जिभेला आधी कळतो. मिलोने माणसं जगवली, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. १८७६-७७ला या मुलखात माणसं रस्त्याकडेला मेली, बहात्तरला ती वेळ आली नाही. तरी कृतज्ञता आहे म्हणून चव चांगली होती असं मी म्हणणार नाही.

अमेरिकेच्या ज्वारीची आणखी एक शाखा बियाणं होऊन आधीच आली होती. १९६४ साली देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, सीएसएच-१, बाहेर पडलं. त्याची मादी बाजू ‘कंबाइन काफिर ६०’ ही अमेरिकन होती. उत्पन्न भरघोस, पीक लवकर येणारं. पण लवकर येतं म्हणूनच कणीस पावसात सापडायचं आणि दाणा बुरशीने काळा पडायचा. बार्शीकडे मामाच्या गावी खरिपात हायब्रीड असायचं. मामी त्याची भाकरी वाढायची तेव्हा आम्हा भावंडांना मिलोच आठवायची. मामाने पुढे हायब्रीड बाजारात घालायचं आणि घरात खायला रब्बीची मालदांडी ठेवायची, असं करून टाकलं. गावात बहुतेकांनी तेच केलं.

इतकी संकरित आणि सुधारित वाणं येऊनही रब्बीत मालदांडी कशी टिकली याची कारणं शेतीतली जाणती माणसं सांगतात. कोरडवाहूत तग धरते, कडबा गोड आणि भरपूर, जनावरं आवडीने खातात. ही सगळी कारणं खरी आहेत. मी त्यात बहात्तरच्या पोरांची जीभही धरते. ती पोरं पुढे शेतकरी झाली, सुना झाल्या, बी कुठलं ठेवायचं हे ठरवू लागली. माझ्या भावाच्या रानात आजही दोन एकर मालदांडी असते. एकरी उतारा कमी येतो हे तो हिशेब मांडून सांगतो, आणि पेरणीला पुन्हा तिचंच बी काढतो.