अलीकडे नऊ, पलीकडे नऊ

मालेगावात आमच्या अब्बांचा यंत्रमागांचा छोटा कारखाना होता. त्याच्या मधोमध विटांची भिंत होती. अलीकडचे माग अब्बांच्या नावावर, पलीकडचे धाकट्या चाचांच्या. अलीकडे नऊ माणसे, पलीकडे नऊ. लहानपणी मला वाटे, भावाभावांत वाटण्या झाल्या असतील. पण जेवण तर एकाच दस्तरखानावर व्हायचे. ती भिंत कायद्यामुळे उभी राहिली होती, हे पुढे कळले.

आपल्याकडचा पहिला कारखाने कायदा १८८१ चा. यंत्रशक्ती आणि निदान १०० माणसे असतील, तिथेच तो लागू होई. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, बारा वर्षांखालच्यांना नऊ तासांवर राबवू नये, असा त्याचा मुख्य मतलब. मोठ्या माणसांनी किती तास राबावे, याबद्दल त्यात अक्षर नव्हते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुटी हवी, ही मागणी सर्वांना ठाऊक आहे. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, हीही त्यात होती. ती मात्र फारशी कुणाला आठवत नाही.

१८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी दिली आणि १०० चा आकडा ५० वर आणला. १९२२ मध्ये तो २० झाला. १९४८ मध्ये वीज असेल तर १०, नसेल तर २०. आकडा उतरत गेला, तसतसा कायदा लहान मालकाच्या दारापर्यंत आला आणि लहान मालक माणसे मोजू लागला. १९४८ च्या कायद्यातली गोम अशी की, मागच्या बारा महिन्यांत एक दिवस जरी दहा माणसे कामावर असली, तरी तो कारखाना. मग आठवड्याला ४८ तास, भरपगारी रजा, जादा कामाला दुप्पट मजुरी हे सारे त्या दहाव्या माणसाच्या मागोमाग आत येणार. म्हणून ईदच्या आधी मागणी वाढली, तरी अब्बा दहावा माणूस घेत नसत. नऊ जणांनाच उशिरापर्यंत थांबवत. यंत्रमागांच्या गावांत अशा भिंती आमच्याच घरी नव्हत्या.

अब्बांना उर्दू वाचता येई, मराठी नाही. सरकारी कागद आला की मी वाचून दाखवायचा. 'पोटकलम', 'भोगवटादार' हे शब्द मी कवितेच्या आधी शिकलो. सुटी रविवारी द्यावी, पण आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतला एखादा दिवसही निरीक्षकाला कळवून चालेल, असे एक कलम होते. आमचा शुक्रवार त्यात बसे. अब्बा या कलमावर बेहद्द खूश असत. खरे तर ते आम्हाला लागूच नव्हते!

दोन्हीकडचे माग दुरुस्त करणारा मिस्त्री एकच होता. हजेरीची वही मी लिहायचो, दोन्हीकडची. त्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते. एकदा पट्ट्यात त्याचे बोट गेले. दवाखान्याचा खर्च अब्बांनी केला, चार महिने घरी धान्य पाठवले. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता. पण ज्याचे नाव वहीतच नाही, त्याने मागायची कुणाकडे? त्याने मला एकदाच विचारले, "बेटा, मेरा नाम किस रजिस्टर में है?" मी बारा वर्षांचा होतो. काही बोललो नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. आता माग चालवणाऱ्या पुतण्याचा फोन आला. विजेवरच्या कारखान्याला म्हणे आता वीस माणसे लागतात; आपली अठरा, तर भिंत पाडू का? मी म्हटले, पुढचे वाच. 'कारखाना' विसांचा, हे खरे. म्हणजे आकडा १९२२ वर परत आला. पण 'आस्थापना' दहा माणसांचीच, आणि नोंदणी तिलाही आहे. किमान वेतनाला तर मोजणीच नाही. एक माणूस असला तरी द्यायचे.

तो जरा वेळ गप्प राहिला. मी विचारले, मिस्त्री कोणत्या वहीत आहे?

"वो तो अब बाहर से आता है, चाचा. काम हो तब."